ढेकूण नव्हेत ते

गेल्या पावसाळ्यात आमच्या रामबागेतल्या घरात ढेकूण झाले. म्हणजे झाले नव्हते. झाले असं ठरलं. वन्सं उज्जैनहून चार दिवस राहायला आल्या होत्या. सकाळचा चहा घेऊन त्या खिडकीशी बसल्या आणि बसल्या तशा उठल्या. खिडकीच्या कट्ट्यावर तांदळाच्या कणीएवढे पाच-सहा किडे होते, त्यातले दोन उताणे. "वहिनी, ढेकूण!" एवढं म्हणून त्यांनी जे दंड खाजवायला घेतले ते जेवणं होईपर्यंत. तोवर मीही खाजवत होते आणि आमचे हेही.

डास झाले तर दोष गटाराचा, झुरळं झाली तर शेजारच्यांचा. ढेकूण निघाले की मात्र घरातल्या बाईचा. त्यातून आमचं इंदूर. २०१७ पासून स्वच्छ शहर म्हणून देशात पहिलं येण्याची सवय लागलेलं. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत दारात येते, ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, आणि आम्हीही ते अगदी मान उंच करून देतो. अशा गावात आपल्या गादीत ढेकूण! मी कुणाला न सांगता फवारणीवाल्याला फोन केला.

तो आला, त्याने गाद्या उभ्या केल्या, पलंगाच्या सांध्यांत बॅटरी मारली. किडे मी एका वाटीत झाकून ठेवले होते. ते त्याने पाहिलेही नाहीत. "आंटीजी, खटमल है. हम रोज देखते हैं." साडेतीन हजार रुपये घेऊन गेला. घरात तीन दिवस तो वास. माई, म्हणजे आमच्या सासूबाई, सत्त्याऐंशीच्या. त्यांना खोकल्याची उबळ थांबेना. आणि पाचव्या दिवशी सकाळी त्याच खिडकीत पुन्हा चार.

तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं.

पाहण्याची मला सवय आहे, म्हणजे होती. बत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी तरी सह्या जुळवण्यात. चेकवरची सही आणि आपल्याकडची नमुना सही. नवीन लागलेली मुलं सबंध सही एकदम बघतात आणि फसतात. अक्षर मोठं-लहान होतंच, हात थरथरतो, पेन बदलतं. बघायचं ते पेन कुठे उचललंय, वेलांटी कुठून सुरू केली आहे. किड्याचंही तसंच निघालं. रंग, आकार यांवर विसंबलं की गेलात. भाच्याने फोनमध्ये एक अ‍ॅप घालून दिलं होतं. त्याने माझ्या पहिल्या फोटोला लेडीबर्ड म्हटलं आणि दुसऱ्याला कसलं तरी बी.

मग सराफ्यात गेले. बाहेरगावचे लोक सराफ्यात रात्री जातात, भुट्ट्याचा कीस खायला. आम्ही जुने इंदूरकर दुपारीही जातो, कारण दुपारी तिथे अजून सोनं-चांदी विकतात. सोनार डोळ्याला लावतात ते दहापट दाखवणारं भिंग हवं होतं. दुकानदाराने विचारलं, "हीरा देखना है, आंटीजी?"

"नहीं भिया, कीडा."

"हाँ हाँ, हीरा."

"कीडा, भिया, कीडा."

त्याने भिंग दिलं, पैसे घेतले आणि मी पायरी उतरेपर्यंत माझ्याकडे पाहत राहिला. पण वापरायचं कसं ते त्यानेच शिकवलं होतं: भिंग डोळ्याला टेकवायचं आणि वस्तू भिंगाजवळ आणायची. मी इतके दिवस उलटं करत होते. किडा हलतो, ही आणखी एक अडचण. त्यावर उपाय स्वयंपाकघरातच सापडला. काचेच्या डबीत घालून दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवला की तो गारठून पाच मिनिटं तरी गप्प बसतो.

त्या पाच मिनिटांत जे दिसलं ते मी आधी माईंना दाखवलं. मोहरीपेक्षा थोडा मोठा, पाठीवर फुगीर, आणि त्या पाठीवर पांढऱ्या, पिवळसर, तपकिरी खवल्यांची नक्षी. कुणी चिमटीने रांगोळी टाकावी आणि मग त्यावरून पदर फिरावा, तशी थोडी विस्कटलेली. हे खवले खरंच पुसले जातात. म्हणून म्हातारे किडे नुसते काळे दिसतात आणि ढेकणांच्या संशयात सापडतात. सगळ्यांत महत्त्वाची पाठीवरची शिवण. मानेपासून शेपटीपर्यंत मधोमध एक सरळ रेघ. ती दिसली की समजायचं, हा भुंगेरा. ती रेघ म्हणजे दोन पंखांची कड. पुढचे दोन पंख टणक होऊन झाकण झालेले असतात, उडायचे पातळ पंख खाली घडी घालून ठेवलेले. अ‍ॅरिस्टॉटलने या जातकुळीला जे नाव दिलं, कोलिऑप्टेरा, त्याचा अर्थच म्यानात पंख असणारे. ढेकणाला पंख नसतातच. तो चपटा, आणि त्याला सुईसारखी सोंड. झाडावरच्या हिरव्या घाणेरड्या वासाच्या ढेकण्याला पंख असतात, पण ते एकावर एक फुलीसारखे पडतात आणि पाठीवर त्रिकोण दिसतो. सरळ शिवण नाही. एवढी एक खूण त्या फवारणीवाल्याला माहीत असती तर माझे साडेतीन हजार वाचले असते. अर्थात, माहीत असून सांगितली नसेल तर वेगळी गोष्ट.

पुस्तकातल्या चित्रांवरून नाव मिळालं: कार्पेट बीटल. अँथ्रेनस. मराठीत याला घरगुती नाव काही मला सापडलं नाही. आमच्याकडे कार्पेट नाही. एक सतरंजी आहे, तीही सुती.

माईंनी भिंगातून बराच वेळ पाहिलं, भिंग खाली ठेवलं आणि विचारलं, "ते खातं काय?"

मी अँथ्रेनस, खवले, शिवण वगैरे पुन्हा सांगायला लागले. "ते राहू दे गं. खातं काय ते?"

माईंकडे किड्यांची नावं कमी नाहीत. पण सगळी कोठीच्या खोलीतली. तांदळात पोरकिडे, गव्हात सोंडे, मुगा-हरभऱ्यात भुंगेरे, रव्यात जाळी. किडा दिसतो कसा याच्याशी त्यांना फारसं कर्तव्य नाही. तो कशात सापडला इथून त्यांची चौकशी सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. मला हे अडाणीपणाचं वाटायचं. भिंग आल्यावर मी त्यांची कोठी तपासायला घेतली, थोडी जिरवायच्या इराद्यानेच.

जिरली माझी. सोंड्याला खरंच सोंड असते, आणि तीही अशी की चेहरा संपूनही ती चालूच राहते. तिच्या टोकाला बारीक जबडा. मादी त्या सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि वरून चिकट लुकण लावून भोक बुजवते. अळी आतच वाढते, आतच कोष होतो, आणि पुरा किडा झाल्यावरच दाणा फोडून बाहेर येतो. म्हणजे गहू वरून धडधाकट दिसतो तेव्हाही आत संसार चालू असू शकतो. माई दर मे महिन्यात वर्षाचा गहू भरताना मूठभर दाणे पाण्यात टाकून तरंगणारे बघतात, मगच उरलेल्याला एरंडेलाचा हात लावतात. हे मी तीस वर्षं पाहत आले, का ते मात्र कधी विचारलं नव्हतं. हरभऱ्याचं प्रकरण निराळं. तिथे अंडं उघड्यावर, सालीवर चिकटवलेलं. पांढरा ठिपका दिसतो तो. अळी तिथूनच आत शिरते आणि पूर्ण वाढलेला भुंगेरा गोल खिडकी कापून बाहेर पडतो. बाहेर आल्यावर त्याला खायची गरजही नसते. जोडीदार, अंडी, संपलं. साल नसलेल्या डाळीवर त्याचं तितकंसं जमत नाही, म्हणून "पावसाळ्याआधी डाळ करून टाक." रव्या-मैद्यातला तांबडा किडा तर अख्खा दाणा फोडूच शकत नाही, त्याला दळलेलं आयतं लागतं. फार झाले की त्यांच्या अंगच्या द्रव्याने पिठाला उग्र वास येतो आणि गुलाबट झाक चढते. भुंगेऱ्यांच्या सबंध गोतावळ्यातून ज्याचा जनुकसंच सगळ्यांत आधी, २००८ साली, पूर्ण वाचला गेला तो हाच. माईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "वाचून काय, चाळून घे."

तर, खातं काय. अँथ्रेनसचा मोठा झालेला भुंगेरा फुलांवरचे पराग खातो. तो खिडकीत येतो तो आत यायला नव्हे, बाहेर जायला. काचेवर डोकं आपटून दमतो आणि उताणा पडतो. खरी खादाड त्याची अळी, आणि तिला उजेड सोसत नाही. ती खाते लोकर, पिसं, केस, कातडं, मेलेले किडे, रेशीम. जिवंत अंगातून निघालेलं आणि आता कुणाच्या उपयोगाचं नसलेलं सगळं.

रेशीम म्हटल्यावर माई आणि मी एकमेकींकडे पाहिलं.

ट्रंक माईंच्या पलंगाखालची. वरच्या सुती साड्या ठीक होत्या. खाली, जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं त्यांचं महेश्वरी लुगडं, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीचं. अहिल्यादेवींनी महेश्वरला विणकर आणून बसवले ते अठराव्या शतकात. त्या वेळचा माल निव्वळ सुती असे, म्हणतात. रेशमाचा ताणा त्यात पुष्कळ नंतर आला. माईंचं लुगडं या दुसऱ्या तऱ्हेचं, ताणा रेशमी आणि बाणा सुती. उलगडलं तेव्हा पदराजवळ वीतभर जागा अशी झाली होती की उभे धागे जागोजागी नाहीत आणि आडवे नुसते लोंबताहेत, पायऱ्या निसटलेल्या दोरीच्या शिडीसारखे. खाणाऱ्याने निवडून खाल्लं होतं. जेवताना आपण सेव वेचून घेतो आणि पोहे ठेवतो तसं. घडीत तिळाएवढ्या, तपकिरी पट्ट्यापट्ट्यांच्या केसाळ अळ्या. बऱ्याचशा तर नुसत्या कात टाकलेल्या, आत कुणी नाही. या अळ्यांच्या केसांनी काही जणांना खरोखर खाज सुटते. वन्संना मी तसं फोनवर कळवलंही. पण त्यांची खाज किडा दिसल्या क्षणी सुरू झाली होती, तिचं कारण वेगळंच.

माईंनी भोकावरून बोट फिरवलं. "इथे तेलाचा डाग होता," म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांच्या हातचा." स्वच्छ रेशमापेक्षा घामाचा, तेलाचा, अन्नाचा डाग असलेला भाग या अळ्यांना जास्त मानवतो, हे मी वाचलं होतं. बोलले नाही.

पण मूळ ट्रंकेतही नव्हतं. ते सापडलं आठवड्याने, खिडकीच्या वरच्या रोशनदानात. पारव्यांचं सोडलेलं घरटं, पिसं, आणि एक वाळून गेलेलं पिल्लू. हात घातला तर सगळं हलत होतं. रंगारी बोलावून ते साफ करून घेतलं, जाळी बसवली, आणि खिडकीतले भुंगेरे महिन्याभरात आटले. लुगडं प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवलं. थंडीने अळ्या, अंडी दोन्ही मरतात. त्या पंधरा दिवसांत जो पाहुणा बर्फ काढायला गेला त्याने येऊन विचारलं, काकू, मटारशेजारी काठाचं काय आहे?

इथेच हे प्रकरण थांबायला हवं होतं. पण हातात भिंग आलं होतं, आणि निवृत्त माणसाच्या हातात काही आलं की ते सुटत नाही.

आमच्या परसात खताचा खड्डा आहे. खड्ड्याचं इंदूरकरांना कौतुक असायला हवं. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथल्याच संस्थेत, आज कृषी महाविद्यालय आहे तिथे, काडीकचरा आणि शेण रचून खत करायची जी रीत बसवली तिला जगभर 'इंदूर पद्धत' म्हणतात. आमच्या खड्ड्यात पांढऱ्या, जाड, अर्ध्या जिलबीसारख्या वळलेल्या अळ्या निघाल्या. माळी म्हणाला हुमणी, मारून टाका, गुलाबाची मुळं खाईल. मी एक अळी वर्तमानपत्रावर ठेवली. ती उलगडली, चक्क उताणी झाली आणि सहाही पाय आकाशाकडे करून पाठीवरच्या केसांनी सरपटत 'निधन वार्ता' पार करून गेली. हुमणी असं करत नाही. ती कुशीवर वळून पडून राहते. पाठीने चालणारी अळी फुलांवरच्या भुंगेऱ्यांची, कुजलेलं खाऊन खत करणारी. त्या सगळ्या मी परत पुरल्या. माळ्याला अजून वाटतं की माझं डोकं फिरलंय.

सप्टेंबरात यांच्या मानेवर पट्टा उठला, चटका बसल्यासारखा, त्यावर बारीक फोड. एका डॉक्टरांनी नागीण म्हणून मलम दिलं. शेजारच्या भाभींनी पाहताक्षणी सांगितलं, "मकडी मूत गई." इकडे हे निदान सर्रास चालतं. बिचारा कोळी! तो यात कुठेच नाही. आदल्या रात्री ट्यूबलाइटखाली मी एक मुंगीसारखा लांबट किडा पाहिला होता, नारिंगी आणि काळा, पंखांची झाकणं आखूड, जाकीट कमरेच्या वरच संपावं तशी, आणि पोट उघडं. हाही भुंगेराच, पेडेरस. चावत नाही, डंख करत नाही. मानेवर बसला, आपण थप्पड मारली, तो चिरडला, की त्याच्या अंगातलं पेडेरिन कातडीला लागतं आणि दुसऱ्या दिवशी फोड. ते विषही त्याचं स्वतःचं नाही, त्याच्या शरीरात राहणाऱ्या जिवाणूंनी केलेलं. म्हणून अंगावर बसलाच तर फुंकर मारायची आणि जागा साबणाने धुवायची. यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, रात्री झोपेत कुणी फुंकर मारत नाही. बरोबर आहे.

बाकी मग किती तरी. ताटलीत उताणा पडून 'टक्' आवाज करत वीतभर उडणारा. छातीखालचा काटा खाचेतून सटकतो त्याचा तो आवाज. त्याचं कुळ त्या आवाजावरूनच कळलं, पुढे जात काही कळेना. तपकिरी, लांबट, अशा शेकडो असतात. आडनाव कळलं, नाव नाही. आधी मला याची चुटपुट लागायची. पण भुंगेऱ्यांच्या आजवर नाव मिळालेल्या जातीच सुमारे ४ लाख आहेत. नोंदलेल्या दर चार प्राण्यांमागे एक भुंगेरा. त्यातल्या पुष्कळांची ओळख आतली अंगं उघडून पाहिल्याशिवाय पटत नाही, ती माझ्या सोनाराच्या भिंगाने कुठून पटणार? मराठीचीही थोडी पंचाईत आहेच. लाकूड पोखरणारा काळा, गुं-गुं करणारा भुंगा हा भुंगेरा नव्हे, तो मधमाशीच्या गोतातला. आणि काजवा, ज्याला आपण कुणाचाच नातेवाईक समजत नाही, तो भुंगेरा. मृगाचा लाल मखमली किडा, इकडची बीरबहूटी, तो तर कीटकच नव्हे. त्याला पाय आठ.

ज्यांची नावं लागली, किंवा कुळापर्यंत तरी पोचले, ते मेलेले भुंगेरे मी मिठाईच्या एका खोक्यात थर्माकोलवर टाचणीने लावले. खाली चिठ्ठी: तारीख, जागा, नाव. अक्षर अगदी लेजरमधलं. चौतीस झाले. मध्यभागी ठेवला माझ्या माहेरचा, धारचा, सोनकिडा. लहानपणी बाभळीवरून पकडून काडेपेटीत पाला घालून ठेवायचो आम्ही, आणि तो तांदळासारखी अंडी घाली. त्याची फक्त दोन झाकणं उरली होती, पंचेचाळीस वर्षांची, पण हिरवी इतकी की आत्ता घासून ठेवावीत. तो रंग रंगाचा नसतो, थरांवरून परतणाऱ्या उजेडाचा असतो. म्हणून विटत नाही. १९०३ च्या दिल्ली दरबारात लेडी कर्झनने घातलेल्या मोरपिसांच्या नक्षीच्या झग्यावर प्रत्येक डोळ्याच्या मध्यावर असाच एकेक पंख शिवला होता.

दिवाळीला वन्सं पुन्हा आल्या. त्यांना खोका दाखवायचाच होता. कपाटावरून काढला, झाकण उघडलं. चौतीस टाचण्या सरळ उभ्या. चौतीस चिठ्ठ्या. टाचण्यांच्या बुडाशी तपकिरी भुसा, थोडे पाय, सोंड्यांच्या एक-दोन सोंडा, आणि चिठ्ठीवर आरामात चाललेली एक केसाळ, पट्ट्यापट्ट्यांची अळी. या कुळातल्या एका भावंडाचं नाव लिनिअसनेच 'म्युझिओरम' ठेवलेलं आहे, संग्रहालयांचा. ते मला माहीत होतं आणि तरी खोक्यात एक डांबरगोळी टाकायचं सुचलं नव्हतं. सोनकिड्याच्या दोन झाकणांना तेवढं कुणी तोंड लावलं नव्हतं. भुशात ती तशीच हिरवी.

वन्सं दोन पावलं मागे सरकल्या. माईंनी चष्मा लावला, खोका ओढून घेतला, भुशातून बोट फिरवलं.

"हाच ना तो?" त्यांनी विचारलं. "खिडकीतला?"

हो म्हटलं.

"आण ती पिशवी," माई म्हणाल्या, "फ्रिजमध्ये टाक."